मास्तरची तीन चाकांची गाडी

माझ्या भावाला सगळे मास्तर म्हणतात. शाळेतला नाही, कात्रीचा. कापड टेबलावर पसरलं, खडूने रेघा मारल्या आणि एकदा कात्री घातली की मागे वळून बघायचं नाही, असा त्याचा हात. आमच्या दुकानात माणसं तीनच. मास्तर कापणार, कारागीर मशीनवर शिवणार आणि शेवटी काज-बटण मी करणार. कारागिराला आम्ही मौनी म्हणतो, कारण मशीन बोलतं तेवढं तो बोलत नाही. बोलायचं खातं माझ्याकडे आहे. मी फटकळ आहे, हे लोकांनी मला सांगायची गरज नाही, मला माहीत आहे.

मास्तर माझ्या पाठचा. माझा नवरा लवकर गेला, मी माहेरी परत आले, तेव्हापासून आम्ही दोघं एकाच घरात. त्याचं लग्न झालंच नाही. एकदा जुळत आलं होतं. पण बोलणी चालू असताना हा मुलीच्या बापाला म्हणाला, तुमच्या कोटाचा डावा खांदा चुकलाय, काढून द्या, मी नीट करून देतो. बापाने कोटही काढला नाही आणि मुलगीही दिली नाही. मी कपाळाला हात लावला. तो मात्र अजूनही म्हणतो, खांदा चुकलाच होता.

माप घेण्याची त्याची एक रीत होती. टेप अंगाला लागला की माणूस ताठ होतो, पोट आत ओढतो, छाती काढतो. चांगले शिकले-सवरलेले, पोटाचा घेर पुढ्यात घेऊन फिरणारे लोक, पण टेप बघितला की पैलवान. मास्तर म्हणायचा, माप देताना माणूस खोटं बोलतो. म्हणून तो टेप गळ्यातच ठेवायचा आणि गप्पा काढायचा. मुलं काय करतात, साहेब त्रास देतो का, घराची गळती थांबली का. माणूस बोलण्यात रमला, खांदे खाली आले, पोट आपल्या जागी आलं, की हा हळूच टेप फिरवून मोकळा. गिऱ्हाईक विचारायचं, माप घेणार कधी? घेतलं, हा म्हणायचा. त्याचा कपडा कधी परत आला नाही, त्याचं कारण हे.

दुखणं हत्तीच्या पायाने येतं आणि मुंगीच्या पायाने जातं म्हणतात. मास्तरचं आलंच मुंगीच्या पायाने. उजव्या पायातली चप्पल निसटायला लागली. मी म्हटलं, नवी घे, किती चिकटपणा करशील. नवी घेतली, तीही निसटली. मग दुकानाच्या उंबऱ्याला अडखळून पडला. मग भिंतीला धरून चालणं, मग काठी, मग दोन्ही हातांनी धरायचा वॉकर. तपासण्या झाल्या तेव्हा डॉक्टरांनी त्याला एकट्यालाच आत बसवून घेतलं. बराच वेळ मी बाहेर बाकावर. आला तेव्हा विचारलं, काय म्हणाले?

"पायांच्या नसा सुकतायत म्हणाले. व्यायाम करायचा."

"एवढंच?"

"एवढंच. चल, भूक लागलीय."

वॉकरही जमेना तेव्हा चाकांची खुर्ची आली. साधी, मागून ढकलायची. घर आमचं वरच्या मजल्यावर, लिफ्ट आहे, ते नशीब. पण घरापासून दुकानापर्यंतचा रस्ता उताराचा. जाताना खुर्ची मला ओढते, येताना मी तिला. माझे गुडघे काही नवे नाहीत. एका संध्याकाळी येताना मधल्या चढावर माझा दम संपला. पुढे जाता येईना, मागे सोडता येईना. मी खुर्चीला पाठ लावून उभी राहिले आणि रस्त्याने जाणाऱ्याला म्हटलं, भाऊ, जरा हात लावा. त्या भल्या माणसाने वरपर्यंत ढकलली. सगळा वेळ तो माझ्याशी बोलत होता. कधीपासून आहे यांना असं? खातात का नीट? मास्तर मांडीवर हात ठेवून समोर बघत होता. त्याच माणसाच्या अंगावरचा सदरा मास्तरने कापलेला होता, हे मला नंतर कळलं.

घरी आल्यावर तो म्हणाला, "ताई, उद्यापासून तू मला ढकलायचं नाही. स्वतः जाता आलं तर जाईन, नाहीतर घरी बसेन."

"घरी बसून काय करशील? भिंतीचं माप घेशील?"

"थट्टा नको. मला एकट्याने जायचंय."

तो हट्टाला पेटला की पालथ्या घड्यावर पाणी. आणि खरं सांगायचं तर माझेही गुडघे त्याच्याच बाजूने होते. शेवटी बॅटरीवर चालणारी स्कूटर घ्यायची ठरलं, पाय अधू असलेल्यांसाठी मिळते ती.

त्या दुकानात गेलो. मोठं, चकचकीत, आत सगळी आजारपणाची सामानं. वाकणारे पलंग, भांडं बसवलेल्या खुर्च्या, काठ्यांची रांग. विकायला टाय लावलेला एक माणूस. मास्तर माझ्या कानात म्हणाला, कॉलर एक बोट मोठी आहे याला. मला बरं वाटलं. कॉलरी बघतोय म्हणजे माणूस जागेवर आहे.

टायवाल्याने आधी चार चाकांची दाखवली. भक्कम, गादी मऊ, पुढे दिवा. मास्तरने गळ्यातला टेप काढला आणि मला धरायला लावला. लांबी बघून मान हलवली. आमच्या लिफ्टमध्ये ही शिरेल, पण दार लागणार नाही. मग घडी होणारी एक दाखवली, मोटारीच्या डिकीत मावते म्हणे. मी म्हटलं, आधी मोटार दाखवा. मग तीन चाकांची. लहान, जागच्या जागी वळणारी. पुढे उभा दांडा, त्यावर हँडल, हँडलखाली खटका. बोटांनी खटका ओढला की चालते, सोडला की थांबते. ब्रेक वेगळा नाही. मास्तरने बसायची रुंदी मोजली, पाठीपासून हँडलचं अंतर मोजलं, गुडघ्याची उंची मोजली. टायवाला बघतच राहिला.

"मध्येच बंद पडली तर?" मी विचारलं.

"मागे एक कळ आहे मॅडम. ती दाबली की चाकं मोकळी होतात. मग ढकलत नेता येते."

"म्हणजे फिरून माझ्याच गळ्यात."

टायवाला बिचारा हसला. मग म्हणाला, "सर, एक सुचवू? पुढचा विचार करून घ्या. ही बॅटरीची खुर्ची बघा. हाताशी एवढीशी काडी आहे, एका बोटाने चालते. लिफ्टमध्ये बसते. या दुखण्यात पुढे हातांची ताकद..."

"हात माझे ठणठणीत आहेत," मास्तर म्हणाला.

"दाखवता? माझा हात दाबा बघू."

मास्तरने त्याचा हात धरला आणि दाबला. टायवाल्याने भुवया वर केल्या. छान आहे म्हणाला. मी मात्र भावाकडे बघत होते. तो ताठ बसला होता. छाती पुढे, मान सरळ, श्वास धरलेला. आदले दोन दिवस त्याने दुकानात कात्री हातात घेतली नव्हती. कापड आलेलं होतं, मौनी रिकामा बसला होता, आणि हा नुसता हात मांडीवर ठेवून म्हणत होता, आज कापायला मन नाही. मी त्याला हळूच म्हटलं, "अरे, सैल बस ना." त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले, आणि मी गप्प बसते असं फार वेळा होत नाही. "सैलच बसलोय," तो म्हणाला. बोटाने चालणाऱ्या त्या खुर्चीकडे त्याने मान वळवूनही बघितलं नाही. "ती आजाऱ्याची आहे. मला ही द्या."

पण आमच्या धंद्यात ट्रायल घेतल्याशिवाय पक्की शिलाई होत नाही. कच्चे टाके घालायचे, माणसाच्या अंगावर चढवून बघायचं, मगच पुढे. मास्तरने टायवाल्याला तेच सांगितलं. टायवाला एका सकाळी गाडी घेऊन आला. लिफ्टमध्ये शिरली, वळली, दार लागलं. खालच्या उतरणीवरून अलगद गेली. रस्ता, फुटपाथची कड, औषधवाल्याच्या कोपऱ्यावरचं वळण, दुकानाचं दार. कुठे म्हणून अडली नाही. मास्तर दुकानासमोर थांबला आणि मौनीने चक्क तोंड उघडलं. "झकास," तो म्हणाला. गाडी घेतली.

त्यानंतरचे दिवस चांगले होते. ते मी नाही म्हणणार नाही. सकाळी मी त्याला गाडीवर बसवायची, लिफ्टचं दार लागायचं, आणि मी खिडकीत. तो खालून बाहेर पडायचा, वर बघायचा नाही. मुद्दाम. मी दुकानात पोचेपर्यंत याचे दोन सदरे कापून झालेले. संध्याकाळी काही कारण नसताना पलीकडच्या रस्त्याने फिरून यायचा आणि हँडलला अडकवून पाव आणायचा. रस्त्यातले लोक आता माझ्याशी नाही, त्याच्याशी बोलायला लागले. मास्तर, कितीला घेतली? मास्तर, मला मागे बसवता का? औषधवाला तर त्याला बघून खोटी सलामी ठोकायचा. तो जेवताना मला रस्त्यातल्या गोष्टी सांगायचा, आणि आमच्या घरात बाहेरच्या गोष्टी सांगणारी मीच होते इतके दिवस.

मग कात्री जड व्हायला लागली. तसं तो म्हणाला नाही, मलाच दिसलं. जाड कापड तो मौनीकडे सरकवायचा. मग पातळही. खडूने रेघा मारून द्यायचा आणि मौनी कापायचा. येताना गाडी मध्ये मध्ये थांबायची. बोटं खटक्यावरून घसरायची. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. तो म्हणाला, हँडल गुळगुळीत आहे, त्याला पट्टा केला की झालं.

पट्टा आम्हीच केला. दुसरं कोण करणार? त्याने खडूने बेत काढला, मौनीने कापून दुहेरी शिलाई मारली, आतून मऊ अस्तर लावलं. मी काज केलं आणि जाड बटण लावलं. वेल्क्रो लावू म्हटलं तर मास्तर म्हणाला, ते सुटतं. बोटं खटक्यावर ठेवायची, वरून पट्टा घ्यायचा, बटण लावायचं. इतका चपखल बसला की आम्ही तिघं त्याच्याकडे बघत राहिलो. सकाळी घरी बटण मी लावायची, दुकानात मौनी काढायचा. तीन जाणती माणसं, आयुष्य कापडात गेलेलं, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की ही गाडी थांबवायला हात सोडावा लागतो.

काही दिवस निभलं. पट्ट्याच्या आत बोटं थोडी उघडायची, तेवढ्यावर गाडी थांबायची. मग एक कडक थंडीची सकाळ आली. बोटं मिटली ती मिटलीच. उतारावरून तो खाली आला, वळणावर वळायला हवं होतं, दांडा फिरला नाही, आणि गाडी सरळ औषधवाल्याच्या काचेच्या दारावर गेली. वेग फार नव्हता. काच फुटली नाही, कुणाला लागलं नाही, मास्तरची नडगी सोलली तेवढंच. पण गाडी थांबेना. हात बांधलेला, खटका ओढलेला, आणि चाकं त्या दारावर रेटत राहिली. औषधवाला आतून धावत आला, दार उघडेना, कारण बाहेरून गाडी दाबत होती. मागच्या दाराने वळसा घालून तो आला आणि त्याने किल्ली फिरवली. तोवर लोक जमले होते. मी पोचले तेव्हा मास्तर तसाच बसलेला, हात हँडलला बांधलेला, आणि कुणालाच कळत नव्हतं तो सोडवायचा कसा. माझं काज होतं, घट्ट. मी वाकून बटण काढलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता तू ढकल." मागची कळ दाबून मी आणि औषधवाल्याने गाडी चढावरून घरी नेली.

तेव्हापासून गाडी आमच्या दाराजवळ चादर टाकून उभी. मौनी रोज संध्याकाळी येऊन बसतो, काही बोलत नाही, जातो. कापायला आता तो एकटाच आहे. मास्तर खिडकीशी, पाठीला उशा लावून.

मीच टायवाल्याला सांगितलं, वापरलेली कुणाला हवी असली तर पाठवा. त्याने एका बाईला पाठवलं. चाळिशीची असेल, नोकरीवरून थेट आलेली, खांद्याला पिशवी. वडिलांना चालता येत नाही म्हणाली, घरात कोंडल्यासारखं झालंय त्यांना. मी चादर काढली आणि माझं तोंड सुरू केलं. नवीकोरी आहे, लिफ्टमध्ये वळते, तुमचे वडील राजासारखे फिरतील. विकायला काय, मी दगडसुद्धा विकेन. बाईला पसंत पडली. तिने हँडलवरून हात फिरवला.

तेवढ्यात मास्तर खिडकीतून म्हणाला, "वडिलांच्या सदऱ्याची बटणं कोण लावतं?"

बाई गोंधळली. "बटणं? हल्ली मीच लावते. सकाळी घाई असते ना."

"घाई तुम्हाला असते, की त्यांना लागत नाहीत?"

बाईने हँडलवरचा हात काढून घेतला.

"मग ही घेऊ नका," मास्तर म्हणाला. "ज्याला बटण लागत नाही त्याला हा खटका फार दिवस धरवणार नाही. पाय आधी जातात, मग हात. मला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही टायवाल्याकडची बोटाने चालायची खुर्ची घ्या. वडील नको म्हणतील. तरी घ्या."

बाई गेली. मी चादर हातात धरून उभी. पहिल्या दिवशी, म्हणाला तो. त्या बाकावर मी बसले होते त्या दिवशी. आणि मग मला त्याचे सदरे आठवले. गाडी घ्यायच्या आधीपासूनच हा डोक्यातून घालायचे बिनबटणांचे सदरे वापरत होता. स्वतःच कापून घेतलेले. मी तेव्हा म्हटलंही होतं, काय रे, घरच्या घरी माझ्या पोटावर पाय? तो हसला होता. आयुष्यभर मी बटणं लावली आणि माझ्याच घरात बटणं नाहीशी झाली, तरी मला दिसलं नाही. माझा संताप संताप झाला. त्याच्यावर, डॉक्टरवर, त्या निर्जीव गाडीवर.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू ती खुर्ची घ्यायला लावली असतीस."

"हो. लावलीच असती. आज निदान फिरला असतास."

"फिरलो असतो," तो म्हणाला. "पण लोक तुझ्याशीच बोलले असते."

खूप रडू आलं, ते मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. परत आले तेव्हा तो म्हणाला, "बोलव टायवाल्याला. घेऊ ती खुर्ची."

टायवाला आला. भला माणूस आहे, गाडी परत घेतो म्हणाला, आधी बघू तर द्या. त्याच्यासमोर मास्तर उशांना टेकून होता तसाच बसून राहिला, काही आवरलं नाही, काही सावरलं नाही. टायवाल्याने सोबत आणलेली ती छोटी काडी त्याच्या बोटाखाली ठेवली. ढकला म्हणाला. बोट हललं, काडी हलली नाही. दुसरं बोट, मग डावा हात. मग हनुवटीखाली धरून बघितली. मान थोडी वळली आणि घसरली. टायवाल्याने दोन-तीनदा पुन्हा बघितलं, मास्तरला नाही, जणू स्वतःलाच समजावायला. मग काडी पिशवीत ठेवली.

"ही आता जमणार नाही, सर," तो म्हणाला. "मागून ढकलायचीच बघू या. पाठ उंच असलेली, डोक्याला आधार असलेली."

मास्तरने डोळे मिटून घेतले.

"ढकलणार कोण?" टायवाल्याने विचारलं.

"मी," म्हटलं. "दुसरं कोण आहे?"

तो उठला. मला सरळ उभ्या राहा म्हणाला, आणि ढकलायच्या दांड्याची उंची ठरवायला त्याने माझ्या कोपराचं माप घेतलं.